सव्वासहाचा माणूस

१

सव्वीस वर्षं मी लिफ्ट तपासत होतो. इमारतीच्या गच्चीवर मोटारखोलीत जायचं, दोर बघायचे, ब्रेक बघायचा, मग केबिनच्या टपावर उभं राहून सावकाश खाली यायचं, एकेक मजला कानाने तपासत. बिघाड आधी ऐकू येतो, नंतर दिसतो. माझी सही असलेल्या लिफ्टमध्ये कधी कोणी अडकलं नाही, एवढं मी छातीठोकपणे सांगतो. बाकी छाती ठोकावी असं फारसं काही नाही.

गेल्या वर्षी एका टपावरून उतरताना उजवा गुडघा पिरगळला. शस्त्रक्रिया झाली, दोन महिने घरी काढले. परत रुजू झालो तेव्हा साहेबांनी खिडकीजवळचं टेबल दाखवलं. "आता आरामात बसा. पोरांचे अहवाल वाचा, सह्या करा." त्रेपन्नाव्या वर्षी आराम हा शब्द इतका बोचेल असं वाटलं नव्हतं.

घरी आम्ही दोघंच. मुलगी, जिला आम्ही खारू म्हणतो कारण लहानपणी ती एका जागी दोन मिनिटं बसली तर शपथ, नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली. बायको एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासते. सकाळी साडेसातला बाहेर पडते, तीनपर्यंत घरी येते. मी दहा ते साडेपाच कचेरीत असतो. सव्वासहाला घरात पाऊल टाकतो.

गुडघ्याचे व्यायाम शिकवणारी डॉक्टरीण खारूपेक्षा दोन-चार वर्षांनीच मोठी असेल. ती म्हणाली, "काका, एक वही करा. रोज सकाळी लिहायचं. दुखणं शून्य ते दहा. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे जीव जातोय."

खारूच्या खोलीत तिची एक अर्धी कोरी वही सापडली. तिच्याच टेबलाशी बसून मी लिहू लागलो. "गुडघा: सहा. जिना उतरताना सात." एवढ्यात काम संपायचं आणि पान मोकळं राहायचं. अर्जातला रकाना रिकामा सोडणं माझ्या स्वभावात नाही. मग खाली लिहिलं, "ढग आहेत. चहा गोड झाला." आठवड्याभराने हात सैल झाला. खारू सायकल कधी शिकली ते लिहायला घेतलं आणि अडलो. तिच्या सायकलमागे कोण धावलं होतं? मी नव्हतो. तिचा पहिला दात कुठे पडला? बायकोच्या वडिलांचं शेवटचं आजारपण किती दिवसांचं? प्रत्येक ठिकाणी मी कुठल्यातरी इमारतीच्या पोटात, टपावर उभा होतो. लिहायला बसल्यावर कळलं, माझ्या संसारातलं मला ऐकीव फार माहीत आहे. पाहिलेलं थोडं.

२

दीड महिन्याने डॉक्टरिणीने वही चाळली.

"अरे वा, काका! शून्य?"

"कुठे?"

तिने पान माझ्यापुढे सरकवलं. मंगळवार सकाळ, गुडघा चार. बुधवार सकाळ, गुडघा चार. आणि मधल्या जागेत, "मंगळवार, दुपारी ४. गुडघा: शून्य." त्याखाली तीन ओळी. "ती म्हणाली, प्रयोगशाळेत नवीन मुलगी आली आहे. सुई टोचताना पेशंटच्या आधी तीच डोळे मिटते. आम्ही दोघं पोट धरून हसलो."

अक्षर माझं होतं. माझा ळ दोन अंडी चिकटवल्यासारखा येतो, मास्तर त्यावरून मारायचे. तोच ळ.

"चुकून लिहिलं असेल," मी म्हणालो.

"अशा चुका रोज करा," ती हसली.

घरी परतताना मी हिशोबाने विचार केला. मंगळवारी चार वाजता मी कचेरीत एका रुग्णालयाच्या लिफ्टचा अहवाल परत पाठवत होतो. ब्रेकची तारीख चुकली होती, म्हणून तो दिवस लक्षात होता. म्हणजे बायकोने मला हे सकाळी सांगितलं असणार, मी अर्धवट ऐकलं असणार आणि लिहिताना वेळ चुकली असणार. पण मग शून्य? शस्त्रक्रियेपासून आजपर्यंत माझा गुडघा एक दिवसही शून्यावर आला नव्हता.

३

संध्याकाळी ती कामावरच्या पांढऱ्या कोटाला इस्त्री करत होती. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुमच्याकडे कोणी नवीन मुलगी आलीये का?"

"अरे, तूच तर तिच्यावर हसत होतास!" ती म्हणाली आणि इस्त्री थांबली. मग खालच्या आवाजात, "तुम्हीच हसत होतात."

हे सांगायला हवं. लग्नानंतर पहिलं दीड वर्ष ती मला अरे-तुरे करायची. मग आई आमच्याकडे राहायला आली आणि आईसमोर बरं दिसत नाही म्हणून ती अहो म्हणू लागली. आई जाऊन बारा वर्षं झाली. अहो काही गेलं नाही. मीही कधी म्हटलं नाही की आता पुरे.

"मी कधी हसलो?"

"मंगळवारी. दुपारी."

"मंगळवारी दुपारी मी कचेरीत होतो."

तोच विनोद दुसऱ्यांदा सांगणाऱ्याकडे बघतात तसं तिने माझ्याकडे पाहिलं. "गुडघ्यासाठी अर्धा दिवस मिळालाय ना तुम्हाला? तीन आठवडे झाले. चारला येता, साडेपाचला पाय मोकळे करायला जाता, सव्वासहाला परत. आणि फिरून आलात की पुन्हा घुम्या. तोंडाला कुलूप. मी म्हणते, रस्त्यात काय होतं या माणसाला?"

हे सगळं ती कोटाच्या बाहीकडे बघत बोलली. पण ती हसत होती. तिच्या त्या हसण्यामुळे मी "कसला अर्धा दिवस?" असं विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी शेजारच्या टेबलावरच्या नकाशेवाल्याला गाठलं. त्याला सगळे पेन्सिल म्हणतात, कारण तो तसाच दिसतो आणि कानामागेही एक असते. "दुपारी मी कधी गायब होतो का रे?"

"तू?" पेन्सिल म्हणाला. "तू पाणी प्यायला उठलास तरी आम्ही घड्याळ लावतो. खुर्चीला स्क्रूने बसवलाय तुला. का, घरी भांडण?"

मी हसण्यावारी नेलं. विसरभोळेपणा असता तर परवडला असता.

४

त्या दिवसांत बायको बदलली. काम करताना गुणगुणायची. केस वेगळे बांधायची. कपाटाच्या वरच्या खणातले निळ्या काठाचे दोन कप तिने खाली काढले होते, जे पाहुणे आले तरी निघत नसत.

एका गुरुवारी मी सव्वासहाला आलो. तिने दार उघडलं, माझ्या हातातली पिशवी घेतली आणि तिथेच उंबऱ्यात उभी राहिली.

"काल जे बोललात ना," ती म्हणाली, "मी रात्रभर त्याचाच विचार करत होते. एकोणीस वर्षं वाट पाहिली मी त्याची. आता काही राहिलं नाही मनात. खरंच."

मी काय बोललो होतो ते मला माहीत नव्हतं. "हं," मी म्हणालो.

तिने माझ्या गालाला बोटं लावली आणि आत गेली.

मी बूटही न काढता खारूच्या खोलीत जाऊन वही उघडली. "बुधवार, दुपारी ४. गुडघा: शून्य. तिला म्हटलं, त्या दिवशी मी बूट काढून बसायला हवं होतं. पत्र हातात घेऊन पूर्ण वाचायला हवं होतं. चुकलो. ती रडली. मी उठलो नाही, घड्याळ पाहिलं नाही."

कुठलं पत्र, हे मला वहीत शोधावं लागलं नाही. एकोणीस वर्षांपूर्वी तिला रक्तपेढीच्या एका वर्षाच्या शिक्षणासाठी निवडलं होतं. दुसऱ्या शहरात. पुढे ती तिथली मुख्य झाली असती. त्या सकाळी ती पत्र घेऊन आली तेव्हा मी दारात बुटाच्या नाड्या बांधत होतो. खारू सहा वर्षांची होती. मी पत्राकडे बघून "बघू" म्हणालो आणि निघालो. संध्याकाळी तिने त्यांना नकार कळवला होता. मी कारण विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं.

हे वाक्य, बूट काढून बसण्याचं, माझंच होतं. कितीतरी टपांवर उभं राहून मी ते मनात घोळवलं होतं आणि दरवेळी तळमजला आला की सोडून दिलं होतं. आता ते बोलून झालं होतं. तिने माफही केलं होतं. माझ्याकडे द्यायला शिल्लक असलेली ती एकच गोष्ट होती, आणि ती माझ्या आधीच कोणीतरी देऊन मोकळा झाला होता.

मला भीती वाटायला हवी होती. खरं सांगतो, आधी राग आला. आणि रागाच्या खाली लाज. कारण मी "हं" म्हणालो होतो. त्याचं श्रेय मी गुपचूप खिशात घातलं होतं.

५

सोमवारी चार वाजून दहा मिनिटांनी मी कचेरीतून तिला फोन लावला. पेन्सिल समोर बसला होता, भिंतीवर घड्याळ होतं, माझा गुडघा टेबलाखाली ठणकत होता. हे सगळं मी मुद्दाम एकदा बघून घेतलं.

चौथ्या रिंगला तिने उचलला. हसत होती, कुणाच्या तरी बोलण्यावर हसता हसता उचलावा तसा.

"अरे, काय हा चावटपणा! आतल्या खोलीतून फोन कसला करतोस?"

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पुन्हा पाहिलं.

"चहा ओतलाय, ये बाहेर," ती म्हणाली.

आणि मग तिच्या आवाजाच्या मागे, भिंतीपलीकडून यावा तसा, खोकल्याचा आवाज आला. दोनदा, मध्ये छोटा दम घेऊन. माझा खोकला असाच आहे. मोटारखोलीतल्या धुळीने दिलेला.

माझ्या हातात फोन होता. मी खोकलो नव्हतो.

ती श्वास घेत होती. मग तिने अगदी हलक्या आवाजात, फक्त मला ऐकू येईल असं म्हटलं, "अहो?"

मी उत्तर देण्याआधी फोन बंद झाला.

"चेहरा का पडला?" पेन्सिलने विचारलं. "बायकोने काय आणायला सांगितलं?"

"चहाला बोलावलंय," मी म्हणालो.

६

दुसऱ्या दिवशी डोकं दुखतंय सांगून मी साडेतीनला निघालो. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. साहेबांनी मान वर करूनही पाहिलं नाही.

आमच्या इमारतीची लिफ्ट मीच कधीकाळी तपासली होती. वर जाताना मी सवयीने ऐकत होतो. सगळं जागच्या जागी. चौथा मजला. किल्लीने दार उघडलं, आवाज न करता. कुलपाची जीभ बोटाने आत दाबून धरायची असते, मग ती टक्कन वाजत नाही.

दाराशी चपला-बुटांच्या फळीवर माझे बूट होते.

मी खाली पाहिलं. माझे बूट माझ्या पायांत होते. फळीवरचे तेच, त्याच कंपनीचे, त्याच तपकिरी रंगाचे. नाड्या नीट सोडलेल्या, दोन्ही शेजारी शेजारी ठेवलेले. फक्त माझ्या उजव्या बुटाची टाच लंगडण्याने एका बाजूला झिजली आहे. त्याची झिजली नव्हती.

स्वयंपाकघरातून बोलण्याचा आवाज येत होता. बायको काहीतरी लांबलचक सांगत होती, तिच्या शाळेतलं, एका मैत्रिणीने प्रयोगशाळेतला बेडूक सोडून दिला त्याचं. सत्तावीस वर्षांच्या संसारात मी हे कधी ऐकलं नव्हतं. मधूनमधून एक पुरुषी आवाज यायचा. आपला आवाज यंत्रात भरून ऐकला की जरा पातळ वाटतो, परका वाटतो, तसा तो आवाज माझा होता. तो फार बोलत नव्हता. एकच शब्द पुन्हा पुन्हा.

"मग?"

ती पुढे सांगायची.

"मग ती काय म्हणाली?"

ती आणखी पुढे सांगायची.

माझं डोकं अजून कारणं शोधत होतं. रेडिओ असेल. तिचा भाऊ असेल, भावाचा आवाज माझ्यासारखा... नाही, भावाचा आवाज माझ्यासारखा नाही. मी भिंतीला धरून चार पावलं पुढे गेलो. दार चार बोटं उघडं होतं.

ती माझ्याकडे तोंड करून बसली होती. कोपरं टेबलावर, हात हवेत बेडूक दाखवत होते. तिचा तो चेहरा मी पाहिला होता, पण फार पूर्वी, आणि तेव्हाही पुरेसा वेळ पाहिला नव्हता. माझ्याकडे पाठ करून कोणीतरी बसलं होतं. माझा चौकटीचा शर्ट. डोक्याच्या मागे केस विरळ झालेला गोल, जो मला न्हाव्याच्या आरशातच दिसतो. उजवा पाय डाव्यावर टाकलेला. मला तसा पाय टाकता येत नाही.

तिची नजर त्याच्या खांद्यावरून माझ्यावर पडली.

ती किंचाळली नाही. तिचं बोलणंसुद्धा तुटलं नाही, हात तसेच हलत राहिले. फक्त तिने मान हलवली. दोनदा, अगदी जराशी. नको.

त्याची पाठ ताठ झाली. त्याने कान माझ्या दिशेला केला, टपावर उभं राहून मी करतो तसा. कानाची पाळी दिसली, गालाची थोडी कड दिसली.

"कोण आहे?" त्याने विचारलं.

"कोणी नाही रे," ती म्हणाली. "वाऱ्याने दार हललं. तू ऐक ना पुढे."

मी मागे सरलो. बाहेर आलो. कुलपाची जीभ बोटाने दाबून दार ओढून घेतलं.

७

समोरच्या औषधाच्या दुकानाबाहेर एक बाक आहे. तिथे बसून मी इमारतीच्या फाटकावर नजर ठेवली. साडेपाच झाले. पावणेसहा झाले. शिकवणीची मुलं आली, तिसऱ्या मजल्यावरच्या बाई कुत्र्याला घेऊन उतरल्या. माझ्यासारखं दिसणारं कोणीही बाहेर आलं नाही. मी पापणीही लवू दिली नाही.

सव्वासहाला वर गेलो. ती एकटीच होती. फळीवर बूट नव्हते. निळ्या काठाचे दोन कप विसळून पालथे ठेवले होते.

आम्ही जेवलो. तिने टेबल पुसायला घेतलं तेव्हा मी म्हणालो, "मला तुझ्या त्या पत्राबद्दल बोलायचंय. रक्तपेढीच्या."

"ते बोलून झालंय, अहो."

"मी नाही बोललो."

तिचा हात थांबला. पुसायच्या फडक्याची तिने घडी घातली, मग त्या घडीची घडी. शेवटी खुर्ची ओढून बसली.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "पहिल्याच दिवशी कळलं. त्याने पिशवी ठेवली आणि विचारलं, आज दमलीस का? मी म्हटलं, हे आपले नव्हेत."

"मग पळाली का नाहीस? मला का नाही सांगितलंस?"

"दोन दिवस हातपाय गार पडायचे माझे. खोलीचं दार लावून बसले होते. तिसऱ्या दिवशी तो बाहेरून म्हणाला, दार उघडू नकोस हवं तर, तिथूनच सांग. आणि मी सांगायला लागले. इतकं साठलं होतं की घाबरायचं राहूनच गेलं."

"कोण आहे तो?"

"विचारलं नाही. आणि तुम्हीही विचारू नका." तिने माझ्याकडे पाहिलं. त्यात दुष्टपणा नव्हता, खरंच नव्हता. "तुम्हाला सांगणार होते. इस्त्री करत होते तेव्हा सगळं सांगितलंच होतं मी. अर्धा दिवस, फिरणं, सगळं. म्हटलं, आता तरी विचारतील, अगं कोणाबद्दल बोलतेस? तुम्ही पेपर उचललात. नंतर उंबऱ्यात मुद्दाम तुमच्याशीच पत्राचं बोलले, तर नुसतं हं."

मला पेपर उचलल्याचं आठवत नव्हतं. पण उचलला असणार.

"आणि मी?" मी विचारलं.

"तुम्ही सव्वासहाला येताच की," ती म्हणाली आणि फडकं वाळत घालायला उठली.

८

मी हार मानली नाही. एवढं तरी माझ्या बाजूने लिहून ठेवतो. बुधवारी सुट्टी टाकली आणि घरीच थांबलो. बायको तीनला आली. मी दार उघडलं, तिची पिशवी घेतली, चहा केला, निळ्या काठाच्या कपांत ओतला. बूट तर सकाळपासून घातलेच नव्हते. चार वाजायला दोन मिनिटं असताना मी तिच्यासमोर बसलो.

"सांग," मी म्हणालो.

"काय सांगू?"

"काहीही. तो बेडूक. पुढे काय झालं?"

ती पाहुण्याकडे बघून हसतात तशी हसली. "पकडला त्याला. झालं." कपाच्या कानावरून तिने बोट फिरवलं. "साखर बरोबर पडलीये."

"मग?" मी म्हणालो. माझ्या तोंडात तो शब्द सरकारी वाटला, अहवालातला पुढचा रकाना विचारावा तसा. तिलाही तसंच वाटलं असावं. तिने खरंच प्रयत्न केला. कामावरची एक-दोन वाक्यं बोलली, खारूने नवा पडदा घेतल्याचं सांगितलं. मी मान हलवत राहिलो. हे आठ-दहा वर्षांपूर्वी केलं असतं तर जमलं असतं, असं मला वाटत होतं. तिला काय वाटत होतं ते कळायला मला तिचा चेहरा वाचता यायला हवा होता, आणि ते मी शिकलोच नव्हतो.

चार वाजले. खारूच्या खोलीचं दार बंद होतं. मी स्वतः बंद केलं होतं, खोली रिकामी आहे हे बघून.

आत खुर्ची कुरकुरली. बसलेल्या माणसाने बैठक बदलावी तेवढी.

बायकोने दाराकडे पाहिलं नाही. ती माझ्याकडेच बघत होती, आणि मला पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावरचं काहीतरी नीट वाचता आलं. ती अवघडली होती. दोघांपैकी एकाला जा म्हणणं तिच्या जिवावर आलं होतं.

पाच मिनिटं गेली. खुर्ची पुन्हा कुरकुरली. आतला माणूस घाईत नव्हता.

"गुडघा आखडलाय," मी म्हणालो. "जरा पाय मोकळे करून येतो."

"हो," ती म्हणाली. "सावकाश जा."

मी बूट घातले. लिफ्टचं बटण दाबून उभा असताना आतून हसण्याचा आवाज आला. दोघांचा.

९

त्यानंतर आम्ही हा विषय काढला नाही. मी वहीत लिहिणं बंद केलं. हे मी कचेरीत, जुन्या अहवालांच्या पाठकोऱ्या कागदांवर लिहितो आहे. बायको माझ्याशी पूर्वीपेक्षा चांगली वागते. जेवायला आवडीचं करते. गुडघ्याला शेकायला पाण्याची पिशवी आणून देते. एखाद्या शांत, त्रास न देणाऱ्या भाडेकरूशी वागतात तसं.

खारूचा फोन रविवारी अकराला येतो. आईशी अर्धा तास बोलते, मग "बाबा बरा आहे ना?" विचारते आणि ठेवते. या रविवारी फोन मी उचलला.

"तुझ्याशीच बोलायचं होतं, बाबा," ती म्हणाली. आवाज भरून आला होता. "काल दुपारी तू फोन केलास ना. मी नंतर कितीतरी वेळ रडत बसले होते. चांगलं रडणं, घाबरू नकोस."

शनिवारी दुपारी मी केस कापायला गेलो होतो.

"तू विचारलंस, एकटी जेवतेस तेव्हा समोर काय ठेवतेस. मला असं कोणीच विचारलं नाही रे कधी. मी म्हटलं, हा माझा बाबाच आहे का?" ती हसली. "ऐक, मी शुक्रवारी येतेय. चार दिवस. गाडी साडेतीनला पोचते. आई म्हणाली, हल्ली तू चारला घरी असतोस. असशील ना?"

बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. हात ओले होते, पुसायचे विसरली होती.

मला म्हणायचं होतं, खारू, थोडी उशिरा ये. गाडीतून उतरलीस की कुठेतरी बस, काहीतरी खा, साडेसहाला घरी ये. तोपर्यंत मी आलेला असेन. मी तुला फार काही विचारू शकणार नाही, पण मीच असेन. हे सगळं मनात नीट जुळलं होतं. वाक्यं तयार होती.

"बाबा? ऐकतोयस ना? असशील ना चारला?"

"असेन," मी म्हणालो.

"प्रॉमिस?"

"हो."

"मग आता बोल ना थोडं," खारू म्हणाली. "काल बोललास तसं."

मी तोंड उघडलं. तिच्या खोलीत उजेड कुठून येतो, शेजारी कोण राहतं, ऑफिसात तिचा जीव लागतो का, यातलं मला काहीच माहीत नव्हतं, आणि कुठून सुरुवात करावी तेही सुचेना. पलीकडे ती थांबली होती. तिचा श्वास ऐकू येत होता. मी फोन बायकोपुढे धरला.

तिने तो घेतला नाही. ती माझ्या मागे बघत होती.

भर सकाळचे अकरा वाजले होते. खारूच्या खोलीतली खुर्ची मागे सरकली, दाराची कडी निघाली, आणि सरळ, न लंगडणारी पावलं माझ्याकडे येऊ लागली. मी मान वर केली नाही. फोन तसाच पुढे धरला आणि भिंतीला टेकून वाट मोकळी केली.